कोल्हापुरात घर घेताय? ऑनलाइन दिसणारी किंमत अशी तपासून बघा

बदलीवर आलेले, पुण्या-मुंबईहून परतणारे, मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावातून शहरात येणारे, सगळ्यांचा घराचा शोध हल्ली मोबाइलवरच सुरू होतो. भागाचं नाव टाकलं, चौरस फूट टाकले की आकडा समोर येतो: या घराची अंदाजे किंमत इतकी. त्यात चार-पाच लाखांची चूक असली तरी नोकरदार कुटुंबाची काही वर्षांची बचत त्यात जाते. म्हणून हा आकडा येतो कुठून, कोल्हापुरात तो कुठं चुकतो आणि आपला स्वतःचा अंदाज कसा बांधायचा, हे इथं क्रमानं देतोय. लागणारी माहिती बहुतेक सगळी सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळते. एक वही, कॅल्क्युलेटर आणि थोड्या निवांत संध्याकाळी हव्यात.

आकडा येतो कुठून

घराची किंमत संगणकानं सांगायची पद्धत अमेरिकेत रुळली. तिथल्या झिलो कंपनीनं २००६ मध्ये ती सुरू केली आणि आपला अंदाज किती चुकतो हेही ती कंपनी जाहीर करते. विक्रीसाठी जाहिरात लागलेल्या घरांच्या बाबतीत मध्यक चूक साधारण २ टक्के असते, जाहिरात नसलेल्या घरांच्या बाबतीत साधारण ७ टक्के. मध्यक म्हणजे निम्म्या घरांची चूक याहूनही जास्त. ६० लाखांच्या घरावर ७ टक्के म्हणजे ४ लाख २० हजार रुपये.

आता २ आणि ७ मधला फरक बघा. जाहिरात लागली की मालकानं मागितलेली किंमत संगणकाला कळते आणि तो आपला अंदाज तिच्याकडे सरकवतो. म्हणजे जिथं आकडा सर्वांत अचूक वाटतो, तिथं त्यात मालकाची मागणीच मिसळलेली असते. याच कंपनीनं पुढं स्वतः घरं विकत घेऊन विकायचा व्यवसाय केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही महिन्यांतल्या घरांच्या किमती आपल्याला पुरेशा नेमक्या ओळखता येत नाहीत, हे कारण कंपनीनंच दिलं.

आपल्याकडच्या पोर्टलांचा, म्हणजे घरांच्या जाहिराती आणि अंदाज दाखवणाऱ्या संकेतस्थळांचा, मुख्य कच्चा माल जाहिराती हाच आहे. जाहिरातीत असतो मागणीचा भाव. तोच फ्लॅट तीन एजंट तीन किमतींना टाकतात. विकून झालेल्या घराच्या जाहिराती तशाच लटकत राहतात. शिवाय कोल्हापुरात पुष्कळ व्यवहार पोर्टलवर येतच नाहीत. शेजाऱ्यानं पाहुण्याला सांगितलं, पाहुण्यानं भावकीत सांगितलं आणि विसार (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) दिला गेला, असंच चालतं. मोठ्या शहरात एका भागात शेकडो जाहिराती असतात, त्यामुळं सरासरीला थोडा तरी अर्थ असतो. इथं एखाद्या कॉलनीचा 'सरासरी दर' हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या जाहिरातींवर उभा असू शकतो आणि त्यात एक बंगला महागडा निघाला की पूर्ण कॉलनी महाग दिसायला लागते.

तरीही तो आकडा वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. विकणाऱ्यांच्या मनात काय चाललंय ते त्यावरून कळतं. आपली किंमत ठरवायला मात्र पुढच्या पायऱ्या लागतील.

पायरी १: क्षेत्रफळ एकाच मापात आणा

सर्वांत मोठी गफलत इथं होते. जाहिरातीतले चौरस फूट बहुतेक वेळा सेलेबल किंवा सुपर बिल्टअप असतात, म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा त्यात धरलेला असतो. तुमचं कपाट आणि पलंग ज्या फरशीवर बसणार, ते कार्पेट क्षेत्र. रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यानुसार घराच्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये मोजतात. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, तुमची स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची मोजत नाहीत.

समजा पोर्टल म्हणतंय, दर ५,५०० रुपये आणि फ्लॅट ९५० चौरस फूट. किंमत ५२ लाख २५ हजार. करारात कार्पेट निघालं ६१.८ चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा हे झाले ६६५ चौरस फूट. म्हणजे कार्पेटवर दर पडला जवळपास ७,८५७ रुपये. शेजारच्या इमारतीतला ६,००० रुपये दराचा फ्लॅट 'महाग' म्हणून तुम्ही सोडलेला असतो आणि तिथला दर कदाचित बिल्टअपवर, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनीही धरून, असतो. दर कशावर धरलाय हे विचारल्याशिवाय दोन दरांची तुलना करूच नका.

एजंटला पहिला प्रश्न हाच विचारा: "करारात कार्पेट किती आहे?" उत्तर तोंडी नको, करारनाम्याचं ते पान बघायला मागा. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदीत प्रत्येक प्रकारच्या फ्लॅटचं कार्पेट दिलेलं असतं.

पायरी २: घर नक्की कुठल्या हद्दीत आहे

कोल्हापूर महापालिका १९७२ ची. हद्दवाढीची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे, पण शहर हद्दीबाहेर कधीच पसरलंय. पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी इथल्या घरांच्या पत्त्यात 'कोल्हापूर' असतं, दप्तरी मात्र ती वेगळी गावं आहेत. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. रस्त्याच्या या बाजूला महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत, असं बऱ्याच ठिकाणी आहे. पोर्टलच्या नकाशावर दोन्ही बाजू एकाच भागात मोडतात.

यानं काय बिघडतं? घरफाळा कुणाकडं भरायचा, पाणी कुठल्या योजनेचं आणि किती दिवसांनी, ड्रेनेज आहे की शोषखड्डा, बांधकाम परवाना कुणी दिला, हे सगळं हद्दीवर ठरतं आणि किंमतही. म्हणून घरफाळ्याची शेवटची पावती मागा. पावती महापालिकेची की ग्रामपंचायतीची, हे एका नजरेत कळतं. त्याच वेळी मिळकतीचा नंबर लिहून घ्या: गावठाणात आणि शहरात सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि वॉर्ड (शिवाजी पेठ ए वॉर्ड, राजारामपुरी, ताराबाई पार्क ई वॉर्ड), बाहेर रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) किंवा गट नंबर. हा नंबर पुढच्या दोन्ही पायऱ्यांना लागतो, तो नसेल तर काम अडतं.

पायरी ३: रेडीरेकनर बघा, पण त्याला किंमत समजू नका

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक मूल्यदर तक्ते आहेत, त्यांनाच रेडीरेकनर म्हणतात. वर्ष, कोल्हापूर जिल्हा, करवीर तालुका, गाव किंवा वॉर्ड आणि मिळकतीचा नंबर निवडला की खुली जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान यांचे दर चौरस मीटरमध्ये दिसतात. त्यावर इमारतीच्या वयाचा घसारा, मजला, लिफ्ट आहे की नाही यांचे नियम लागून हिशोबाची किंमत निघते.

हे दर मुद्रांक शुल्कासाठी आहेत. ते वर्षातून एकदा, १ एप्रिलला ठरतात आणि कधी कधी बदलतही नाहीत: २०२३-२४ आणि २०२४-२५ ही दोन वर्षं ते जैसे थे होते, मग १ एप्रिल २०२५ पासून वाढले. त्या दोन वर्षांत बाजार काही थांबला नव्हता.

तरी हा आकडा हाताशी हवा, कारण मुद्रांक शुल्क करारातली रक्कम आणि रेडीरेकनरची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. तुमचा सौदा रेडीरेकनरच्या खूप खाली झाला आणि फरक १० टक्क्यांच्या वर गेला, तर तो फरक आयकर खातं तुमचं उत्पन्न धरू शकतं. स्वस्तात मिळालेल्या घराचा आनंद करसल्लागाराकडं जाऊन आल्यावर करा.

पायरी ४: झालेले व्यवहार शोधा

सगळ्या पायऱ्यांत मला ही सर्वांत मोलाची वाटते आणि नवखी माणसं नेमकी हीच टाळतात. महाराष्ट्रात नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, म्हणजे सूची क्रमांक २ किंवा सगळे म्हणतात तसं इंडेक्स टू, कुणालाही ऑनलाइन फुकट बघता येतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्याच संकेतस्थळावर मोफत ई-सर्च आहे. मुंबई सोडून उर्वरित महाराष्ट्र निवडा, वर्ष टाका, जिल्हा कोल्हापूर, तालुका करवीर, गाव, आणि मिळकतीचा नंबर.

पहिल्यांदा वैताग येतो. संकेतस्थळ मंद आहे आणि नंबर लिहायची पद्धत प्रत्येक दस्तात वेगळी. सि.स. नंबरानं काही मिळालं नाही तर रि.स. नंबरानं शोधा, तेही नाही तर फ्लॅट नंबरानं. मागच्या वर्षाचं शोधून झालं की त्याच्या आधीचंही शोधा. रात्री उशिरा किंवा पहाटे बसलात तर काम जरा लवकर उरकतं.

इंडेक्स टू उघडल्यावर काय बघायचं? पहिल्या रकान्यात विलेखाचा प्रकार असतो. खरेदीखत आणि करारनामा एवढेच घ्या. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, गहाणखत यांचा किमतीशी संबंध नाही. एकाच फ्लॅटचा आधी करारनामा आणि मग खरेदीखत झालं असेल तर तो एकच व्यवहार मोजा. दुसऱ्या रकान्यातला मोबदला ही करारात लिहिलेली किंमत. तिसऱ्या रकान्यात 'बाजारभाव' लिहिलेलं असतं, ती रेडीरेकनरनं काढलेली किंमत आहे. नवखे लोक तिलाच चालू भाव समजतात. पुढं मिळकतीचं वर्णन आणि क्षेत्रफळ येतं. त्यात कार्पेट लिहिलंय की बिल्टअप, बाल्कनी आणि पार्किंग धरलंय का, हे नीट वाचा.

त्याच इमारतीतले, नसतील तर त्याच गल्लीतले, गेल्या वर्ष-दीड वर्षातले पाच-सहा व्यवहार मिळाले तर उत्तम. प्रत्येकाचा मोबदला भागिले कार्पेट करा, चढत्या क्रमानं लिहा आणि मधला आकडा घ्या. सरासरी काढू नका, कारण भावाभावांत झालेला एखादा स्वस्त व्यवहार तिला खाली ओढतो. वरच्या उदाहरणात त्याच इमारतीतले ६६५ चौरस फुटांचे फ्लॅट ४४ लाख आणि ४५ लाख ५० हजारांना गेले असतील, तर खरा दर ६,६१७ ते ६,८४२ रुपयांच्या घरात आहे. पोर्टलच्या ५२ लाखांपासून आपण सात-आठ लाख खाली आलो.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. काही व्यवहारांत दस्तावर कमी रक्कम लिहून उरलेली रोखीनं दिली जाते. त्यामुळं मोबदल्याचा आकडा खऱ्या भावापेक्षा कमी असू शकतो. बरेच मोबदले रेडीरेकनरच्या आकड्याला अगदी चिकटून दिसले तर ही शंका घ्या. बँकेचं कर्ज काढून झालेल्या खरेदीतले आकडे त्यामानानं खरे असतात, कारण कर्जासाठी रक्कम कागदावर लागते. तुम्ही स्वतः या भानगडीत पडू नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि उद्या तुम्ही घर विकाल तेव्हा रोख दिलेला पैसा तुमच्या खरेदी किमतीत धरला जाणार नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. "आता बेंच आलंय, भाव वाढलाय" हे वाक्य तुम्हाला घर दाखवताना ऐकायला मिळेल. खरं असेलही. मग त्या तारखेनंतर त्याच भागात नोंदवलेले दस्त शोधा आणि आधीच्यांशी ताडून बघा. वाढ झाली असेल तर ती मोबदल्याच्या रकान्यात दिसेल.

पायरी ५: पुराचं पाणी

संगणकाच्या अंदाजात जी गोष्ट बहुधा कुठंच नसते आणि कोल्हापुरात जी सगळ्यांत आधी विचारावी लागते, ती ही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नरचा परिसर, नागाळा पार्क आणि रमणमळ्याचा काही भाग, या ठिकाणी लोकांनी पहिल्या मजल्यावर दिवस काढले.

पण 'नागाळा पार्कला पूर येतो' एवढं म्हणून भागत नाही. चढाची एक गल्ली पूर्ण कोरडी राहते आणि तिच्या खालच्या गल्लीत होड्या फिरतात. पोर्टल दोन्हींना एकच दर लावतं. यामुळं कोरड्या गल्लीतलं घर त्याच्या आकड्यात स्वस्त दिसू शकतं आणि पाण्यातलं घर महाग. नवख्या माणसाला हा फरक उन्हाळ्यात डोळ्यांनी दिसत नाही.

म्हणून प्रत्यक्ष जा आणि विचारा. मालकाला विचारालच, पण तळमजल्यावरच्या दुकानदाराला, दूधवाल्याला, समोरच्या इमारतीच्या वॉचमनलाही विचारा: एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं, एकवीसला कुठवर? लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतात. घरात पाणी आलं नसेल तरी रस्ता किती दिवस बंद होता, वीज कधी आली, लिफ्टचं मशीन आणि मीटरबोर्ड कुठल्या उंचीवर आहेत, पार्किंगमधल्या गाड्यांचं काय झालं, हे सगळं विचारा. मग पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लालच्या मध्ये अटी असतात. जुनी इमारत निळ्या रेषेत असेल तर उद्या पुनर्बांधणी करायची वेळ आल्यावर अडचण येऊ शकते. हे आजच किमतीत धरा.

किती कमी धरायचं? याला एकच टक्केवारी नाही, पण मोजायची एक चांगली रीत आहे. त्याच गल्लीतले २०१९ च्या आधीचे आणि २०२१ च्या नंतरचे इंडेक्स टू काढा. मग पाणी न आलेल्या जवळच्या गल्लीतले त्याच काळातले काढा. दोन गल्ल्यांमधला फरक आधी किती होता आणि नंतर किती झाला, यावरून खरेदी करणाऱ्यांनी पाण्याची किंमत काय धरली ते कळतं. माझ्या मते या एका तपासणीसाठी एखादी सुट्टी घालवावी लागली तरी घालवा.

पायरी ६: जमिनीचा कागद

इथं थोडक्यात. सातबारा, मालमत्ता पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत. बघायचं असं: बिगरशेती झाली आहे का, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, देवस्थान इनामाची (देवळाला दिलेल्या जमिनीची) नोंद आहे का, इतर हक्कात कर्जाचा वगैरे बोजा आहे का. वर्ग २ असेल तर हस्तांतराला सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागू शकतो. देवस्थान इनाम दिसलं तर वकिलाशी बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेला, प्लॉट असेल तर नियमित झाल्याचा दाखला मागा. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेजारच्या बिगरशेती प्लॉटचा दर त्याला लावून काढलेली ऑनलाइन किंमत बघूच नका.

पेठेतलं घर असेल तर

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ अशा जुन्या भागात संगणकाचा अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरतो. तिथं विक्री कमी होते, दोन घरं एकसारखी नसतात, बोळाची रुंदी आणि वाटणीची भिंत किंमत ठरवते. मालमत्ता पत्रकावर दोन पिढ्यांचे वारस असतात आणि एकाची सही अडली की सौदा अडतो. अशा घराला चौरस फुटाचा दर लावत बसू नका. आधी जमिनीची किंमत काढा, तीही रस्त्याची रुंदी बघून, कारण नवं बांधकाम किती करता येईल हे रस्त्यावर ठरतं. मग बांधकामाचं जे आयुष्य उरलंय त्याची किंमत मिळवा. हे काम स्थानिक आर्किटेक्ट किंवा सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून करून घेतलेलं बरं, फी देऊन.

बँकेचं मूल्यांकन आणि विसार

कर्ज काढणार असाल तर बँक आपला मूल्यांकनकार पाठवते. त्याचा आकडा आणि करारातली रक्कम यांपैकी कमी असेल तो धरून कर्ज ठरतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पोर्टलचा आकडा धरून ५२ लाखांचा सौदा केला आणि मूल्यांकन ४५ लाखांचं आलं, तर मधले ७ लाख पूर्ण तुमच्या खिशातून जातात. मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी (जास्तीत जास्त ३० हजार रुपये) सहसा कर्जात बसत नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. घरात चर्चा करताना हेही बोला.

मोलभावाला बसताना पोर्टलचा स्क्रीनशॉट दाखवू नका, त्यावर मालकाकडेही एक जास्त आकड्याचा स्क्रीनशॉट असतो. त्याच इमारतीतले इंडेक्स टू छापून न्या आणि आदरानं समोर ठेवा. "काका, तुमच्याच इमारतीत मार्चमध्ये या भावानं झालंय, आम्ही यावर बोलू शकतो," असं म्हटलं की बोलणं कागदावर येतं.

भाव ठरल्यावर विसार देण्याआधी वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास, करून घ्या. विसार चेकनं किंवा ऑनलाइन द्या. विसारपावतीवर सि.स. किंवा रि.स. नंबर, कार्पेट क्षेत्र चौरस मीटरमध्ये, पार्किंगचा नंबर, बँकेचं मूल्यांकन कमी आलं किंवा कागदात दोष निघाला तर विसार परत मिळण्याची अट आणि परत देण्याची मुदत, एवढं लिहून दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.